मेडिक्लेम नाकारल्याचं पत्र आलंय? मग एकेक पाऊल असं टाका

ऑगस्ट २०२४ मधली रात्र. आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही तिला घेऊन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो, तेव्हा पावणेबारा वाजले होते. तिथल्या तरुण आरएमओनं (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरनं) मला विचारलं, "बीपी, शुगर काही आहे का?" मी म्हटलं, "बीपी आहे, बरीच वर्षं झाली." "किती?" "असतील आठ-दहा." त्यानं लिहून घेतलं आणि आईला आत नेलं.

ऑक्टोबरच्या शेवटी विमा कंपनीचं पत्र आलं. तीन लाख बेचाळीस हजारांचा क्लेम नामंजूर. कारण एका ओळीचं: रुग्णास दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब, पॉलिसी घेताना ही बाब जाहीर केली नाही.

पॉलिसी मार्च २०२१ ची. आईला बीपीची पहिली गोळी सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. मग मी दहा वर्षं का म्हणाले? कारण आमच्या घरात कुणाचं डोकं जड झालं की "बीपी वाढलं असेल" असं म्हणायची सवय होती. त्या रात्री तेच तोंडातून गेलं आणि केस पेपरवर उमटलं. ते निस्तरायला आठ-नऊ महिने गेले. पैसे मिळाले. पण वाटेत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं, तर निम्मा मनस्ताप वाचला असता. म्हणून हा लेख.

आधी बघा, नेमकं काय नाकारलंय

हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरचा माणूस "तुमचं रिजेक्ट झालं" असं सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा फक्त कॅशलेस, म्हणजे कंपनीनं हॉस्पिटलला थेट पैसे द्यायची सोय, नाकारलेलं असतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. बिल आपण भरायचं आणि नंतर सगळे कागद जोडून परतफेडीचा क्लेम टाकायचा, हा रस्ता उघडा असतो. आम्हाला हे माहीत नव्हतं. एफडी मोडून पैसे भरले आणि विषय संपला असं समजून पहिले काही दिवस कागदच गोळा केले नाहीत.

विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यामुळे काउंटरवर ताटकळत बसू नका. हॉस्पिटलनं विनंती किती वाजता पाठवली ते विचारा, वेळ लिहून ठेवा आणि टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, टोल-फ्री क्रमांकावर स्वतः फोन करा. बऱ्याचदा टीपीएनं एखादी शंका विचारलेली असते आणि तिचं उत्तर हॉस्पिटलच्या बाजूनं अडकलेलं असतं.

पत्रात कलम मागा

फोनवर भांडू नका. फोनवर बोललेलं पुढे कुठेच उभं राहत नाही. ईमेल करा आणि दोन गोष्टी मागा.

पहिली, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली क्लेम नाकारला, त्या कलमाचा क्रमांक आणि शब्द. "नियमांत बसत नाही" एवढं सांगून कंपनीला सुटता येत नाही. नाकारताना पॉलिसीतल्या विशिष्ट अटीचा संदर्भ देऊन कारण कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. दुसरी, क्लेम नाकारायला कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी घेतली का. त्याच २०२४ च्या सर्क्युलरनुसार कंपनीची प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटी किंवा तिच्यातली तीन सदस्यांची ही समिती, यांपैकी एकीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. हा प्रश्न विचारला की फाईल निदान एकदा वरच्या टेबलावर जाते.

मग पॉलिसी वाचा, पण सगळी नाही

चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका पहिल्यापासून वाचायला बसलात तर तिसऱ्या पानावर झोप येईल. चार गोष्टी शोधा: पॉलिसीचं शेड्यूल (नावं, रक्कम, मुदत लिहिलेला भाग), ग्राहक माहिती पत्रक, पत्रात सांगितलेलं कलम, आणि त्या कलमातल्या शब्दांच्या व्याख्या. ग्राहक माहिती पत्रक जानेवारी २०२४ पासून नव्या सोप्या नमुन्यात द्यावं लागतं आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याला मराठीत, मिळायला हवं. खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांसाठी जितका काळ पैसे मिळत नाहीत तो), कशाला पैसे मिळत नाहीत हे सगळं त्यात थोडक्यात असतं.

पाचवा कागद बहुतेकांकडे नसतो: प्रपोजल फॉर्म. पॉलिसी घेताना आजारांबद्दलच्या प्रश्नांना "नाही" अशी टिक कुणी केली? पुष्कळदा एजंटनं. तुम्ही तोंडी सांगितलेलं त्यात लिहिलं आहे का, हे बघितल्याशिवाय "आम्ही सगळं सांगितलं होतं" असं कुठेही लिहू नका. कंपनीकडे लेखी मागणी करून त्याची प्रत मिळवा.

पुस्तिकेत एक्सक्ल ०१ ते एक्सक्ल १८ असे सांकेतिक क्रमांक दिसतील. हे सगळ्या कंपन्यांना सारखे ठरवून दिलेले अपवाद आहेत. ०१ म्हणजे आधीपासूनचा आजार, ०२ ठरावीक आजारांचा प्रतीक्षा काळ, ०३ पहिले तीस दिवस, ०४ केवळ तपासणीसाठी भरती. नकारपत्रांत बहुधा ०१, ०२ आणि ०४ हेच क्रमांक भेटतात.

इथेच एक स्पष्ट सांगते. कधीकधी कंपनी बरोबर असते. पॉलिसी घेऊन वर्ष झालेलं असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि पुस्तिकेत त्याला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ लिहिलेला असेल, तर त्या लढाईत वर्ष घालवू नका. कलम वाचायचं ते यासाठीही.

कारण कोणतं, त्यावर उत्तर ठरतं

*आजार लपवला हे कारण.* सगळ्यात जास्त दुखावणारं कारण हेच, कारण त्यात आपल्याला खोटं ठरवलेलं असतं. राग बाजूला ठेवून तारखा मांडा. आधीपासूनचा आजार म्हणजे नियमानुसार पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात डॉक्टरनं निदान केलेला किंवा ज्यावर उपचार घेतलेला आजार. हा काळ पूर्वी ४८ महिन्यांचा होता, २०२४ च्या नियमांनी तो ३६ महिन्यांवर आणला. त्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालही आता जास्तीत जास्त ३६ महिने. म्हणजे मुद्दा निदानाचा किंवा उपचाराचा आहे. घरच्यांना काय वाटत होतं याचा नाही.

आमच्या प्रकरणात याच शब्दांनी वाचवलं. आमचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे, प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवणारे. आईच्या कार्डावर २०१९ आणि २०२० मध्ये घेतलेली बीपीची मापं होती, सगळी नॉर्मल. फेब्रुवारी २०२२ ला पहिल्यांदा वाढलेलं माप आणि गोळीचं नाव. त्यांनी लेटरहेडवर तारखांसह दाखला दिला आणि कार्डाची साक्षांकित प्रत जोडली. केस पेपरवरचं माझं बोलणं आणि डॉक्टरनं त्या-त्या वेळी लिहिलेली नोंद, यांत कुठलं वजनदार हे वेगळं सांगायला नको.

पॉलिसी खंड न पडता ६० महिने चालू असेल, तर बाजू आणखी भक्कम आहे. त्यानंतर माहिती लपवली या कारणावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच येतो. मोरॅटोरियम म्हणतात तो हा काळ आधी आठ वर्षांचा होता, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांचा झाला. दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आला असाल तर तिकडची वर्षंही धरली जातात. मात्र मध्ये विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेचं घड्याळ वाढवल्या दिवसापासून सुरू होतं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पत्रात लिहिण्यासारखे आहेत. ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेतलेल्या एका मधुमेही माणसाला अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आला होता. त्यानं मधुमेह आधीच सांगितला होता. सांगितलेला आजार तपासून पॉलिसी दिल्यावर त्याच आजारावर बोट ठेवून क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दुसरा एप्रिल २०२४ चा, आयुर्विम्यातला: माहिती दडवली हे सिद्ध करायची जबाबदारी विमा कंपनीची आहे. कंपनी "केस पेपरवर लिहिलंय" एवढ्यावर थांबली असेल, तर तिला विचारा की जुनं प्रिस्क्रिप्शन, जुना रिपोर्ट, जुनी भरती यांपैकी तुमच्याकडे काय पुरावा आहे.

*फक्त तपासणीसाठी भरती.* ताप, चक्कर, पोटदुखी यांत हे कारण येतं. रुग्ण दोन दिवस राहिला, रक्ततपासण्या झाल्या, एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल आले, तर कंपनी म्हणते की हे बाहेरूनही झालं असतं. इथे उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र लागतं, आणि ते "भरती आवश्यक होती" एवढ्या ओळीचं असून भागत नाही. भरतीच्या वेळी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप किती होता; सलाईनमधून कोणती औषधं कितीदा दिली; घरी पाठवलं असतं तर काय धोका होता, हे त्यात हवं. नर्सिंग चार्ट यासाठीच मिळवायचा, कारण सुईनं दिलेल्या औषधांच्या वेळा तिथे असतात.

*क्लेम मंजूर, पण पैसे अर्धेच.* याला लोक नकार मानत नाहीत, गुपचूप सोसतात. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. पण सगळा खर्च कापता येत नाही. जून २०२० च्या नियमानुसार औषधं आणि सर्जिकल साहित्य, इम्प्लांट व उपकरणं आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, आयसीयूच्या खर्चावर लावायची नाही, आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार इतर दर बदलत नाहीत तिथे तर मुळीच लावायची नाही.

उदाहरण घ्या. विमा तीन लाखांचा, खोलीभाडं रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० च्या खोलीत चार दिवस राहिलात. खोलीचे २४,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट मिळून १,२०,०००, औषधं ४०,०००, इम्प्लांट ६०,०००, तपासण्या १६,०००. एकूण २,६०,०००. कंपनीनं सरसकट निम्मं केलं तर हातात १,३०,००० येतात. नियमानं मात्र खोलीचे १२,०००, सर्जन वगैरेचे ६०,००० आणि औषधं-इम्प्लांट-तपासण्यांचे पूर्ण १,१६,००० धरून १,८८,००० व्हायला हवेत. फरक ५८,००० चा! म्हणून सेटलमेंट लेटर आलं की कॅल्क्युलेटर घेऊन बसा. मास्क, हातमोजे, डायपर अशा ६८ वस्तूंची देय नसलेली यादी असते, ती वजावट वेगळी. पॉलिसीत कन्झ्युमेबल्सचं (अशा एकदा वापरून टाकायच्या वस्तूंचं) वाढीव कवच नसेल तर ते पैसे मिळत नाहीत.

*हॉस्पिटल व्याख्येत बसत नाही.* तालुक्याच्या गावांत हे कारण हमखास पुढे येतं. दहा लाखांखालच्या वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, असे निकष आहेत. पण व्याख्या पूर्ण वाचा. तिच्यात "किंवा" आहे. कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली असेल तरीही ते हॉस्पिटल धरलं जातं, आणि आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा त्यात येतो. त्यामुळे डॉक्टरांकडून चालू नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि पत्राला जोडा.

उशिरा कळवलं एवढ्याच कारणावर नाकारलं असेल, तर उशीर का झाला ते पुराव्यासह लिहा. उशीर टाळता न येण्यासारखा असेल तर नुसत्या उशिरावर क्लेम फेटाळू नये, असं नियामकानं सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलेलं आहे.

हॉस्पिटलमधून कागद काढणं

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. इनडोअर केस पेपरची पूर्ण प्रत मागा: भरतीची नोंद, रोजच्या डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, ऑपरेशनच्या नोंदी. तोंडी मागितलं तर "रेकॉर्ड रूम बंद आहे" असं ऐकायला मिळतं, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात.

त्या नोंदीत चूक असेल, जशी आमच्यात होती, तर डॉक्टरांना खाडाखोड करायला सांगू नका. कंपनीकडे मूळ प्रत गेलेली असते आणि बदललेला कागद तुमच्यावरच उलटतो. वेगळं पत्र मागा. आमच्या हॉस्पिटलच्या कार्डिऑलॉजिस्टांनी लिहून दिलं की आजाराचा कालावधी नातेवाइकांनी तोंडी सांगितल्यावरून नोंदला आहे आणि दहा वर्षांच्या उपचाराचा कोणताही कागद भरतीच्या वेळी दाखवलेला नाही. तीन ओळी, पण पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याच कामी आल्या.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र

प्रत्येक विमा कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याचा ईमेल पॉलिसीच्या पुस्तिकेत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. पत्र दोन पानांच्या आत ठेवा. मी पहिलं पत्र पाच पानांचं लिहिलं होतं, त्यातली साडेतीन पानं आईचे हाल सांगण्यात गेली होती. भावानं ते वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "ताई, यात तारीख कुठे आहे?" मग असं लिहिलं:

"आपण कलम अमुकखाली, दहा वर्षांपासूनचा उच्च रक्तदाब जाहीर न केल्याच्या कारणानं क्लेम नाकारला आहे. पॉलिसी मार्च २०२१ पासून आहे. रक्तदाबाचं पहिलं निदान व उपचार फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले (सोबत जोडपत्र १). २०१९ व २०२० च्या नोंदी सामान्य आहेत (जोडपत्र २). केस पेपरवरील कालावधी तोंडी माहितीवरून लिहिल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र सोबत आहे (जोडपत्र ३). मार्च २०२१ पूर्वीच्या निदानाचा वा उपचाराचा कोणताही पुरावा आपल्याकडे असल्यास त्याची प्रत द्यावी. नसल्यास क्लेम मंजूर करून विलंबाच्या व्याजासह रक्कम अदा करावी."

देणं लांबवलं तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त दरानं व्याज देण्याची तरतूद आहे, म्हणून व्याजाचं वाक्य विसरू नका. हीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाका, किंवा १५५२५५ वर फोन करून नोंदवा. नियामक स्वतः निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवतो. पण टोकन क्रमांक मिळतो आणि तारीख नोंदली जाते.

विमा लोकपाल

कंपनीनं तक्रार फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, की लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत. माझ्या मते सामान्य घरासाठी हाच सगळ्यांत चांगला दरवाजा आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी जाता येतं; ही मर्यादा २०२३ पर्यंत ३० लाख होती. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीतल्या तक्रारीही इथे चालतात. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तुमचा पत्ता कुणाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, तक्रारही तिथेच ऑनलाइन भरता येते.

एक काळजी घ्या: त्याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा कोर्टात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी इथे या.

आमची सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, जेमतेम वीस मिनिटांची. कंपनीचे डॉक्टर समोर होते. लोकपालांनी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की केस पेपरशिवाय दुसरं काय आहे? आईला काही बोलायचं होतं, तिला बोलू दिलं. निवाडा पूर्ण रकमेचा आला. निवाडा हाती पडल्यापासून ३० दिवसांत कंपनीनं तो पाळायचा असतो, नाहीतर दररोज ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. आमचे पैसे सव्विसाव्या दिवशी जमा झाले.

लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. क्लेम नाकारल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र डोळ्यांसमोर ठेवा. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. प्रीमियम पाच लाखांपर्यंत भरलेला असेल तर फीही नाही.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी

पॉलिसी नवी असेल तर ३० दिवसांत ती परत करता येते, तोवर वाचून घ्या. एखादी गोष्ट कव्हर होते का याची शंका असेल तर एजंटला फोनवर विचारू नका, कंपनीला ईमेल करा आणि आलेलं उत्तर पॉलिसीच्या फाईलमध्ये ठेवा. प्रपोजल फॉर्ममध्ये एजंटनं चुकीचं लिहिलंय असं आज लक्षात आलं, तर आजच लेखी दुरुस्ती कळवा. प्रीमियम थोडा वाढेल, वाढू द्या.

आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा एक कागद करा: कोणता आजार, निदान कोणत्या महिन्यात, कोणत्या डॉक्टरकडे, पहिली गोळी कधी. आधार कार्डाच्या प्रतीमागे तो स्टेपल करा. भरतीच्या वेळी आरएमओनं विचारलं की तोंडानं काही न सांगता तो कागद पुढे करायचा. जे नक्की आठवत नसेल तिथे "नक्की माहीत नाही, फॅमिली डॉक्टरांना विचारून सांगतो" एवढंच म्हणायचं, आणि तेच लिहिलं जातंय ना ते बघायचं.